उतारा एका तासाला, व्याकरण दुसऱ्या तासाला. मग मुलांना इंग्रजी वाचता कधी येणार?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. ठाण्यातल्या एका कॉलेजात मी एफ.वाय.च्या मुलांना इंग्रजी शिकवते. साहित्याचा पेपर नव्हे, सगळ्यांना सक्तीचं असतं ते इंग्रजी. वर्गात शंभरच्या वर मुलं. बरीचशी मराठी किंवा सेमी माध्यमातली. दिवा, कळवा, ऐरोलीपासून थेट आसनगावहून येणारी.

जुलैत नोटीस बोर्डावर एक वाक्य लागलं होतं : 'फेल्युअर टु सबमिट द फॉर्म बाय द ट्वेन्टिएथ विल रिझल्ट इन कॅन्सलेशन ऑफ ॲडमिशन.' माझ्या वर्गातल्या एका मुलीने ते दोनदा वाचलं आणि निर्धास्त घरी गेली. तिने लावलेला अर्थ असा, की जे फेल झालेत त्यांनी फॉर्म भरायचा आणि त्यांचा रिझल्ट वीस तारखेला लागणार. आपण तर पास झालोय. बावीस तारखेला तिचे वडील रिक्षा बंद ठेवून ऑफिसच्या खिडकीशी उभे होते. नोटिशीचा खरा अर्थ होता, वीस तारखेपर्यंत फॉर्म दिला नाही तर प्रवेश रद्द. प्रवेश वाचला, पण दंड भरावा लागला.

नंतर मी तिला जवळ बसवून एकेक शब्द विचारला. सगळे शब्द तिला येत होते. त्याच आठवड्यात माझ्या व्याकरणाच्या चाचणीत तिला वीसपैकी अठरा होते. ॲक्टिव्हचं पॅसिव्ह, डायरेक्टचं इनडायरेक्ट, सगळं बिनचूक. ती उत्तरपत्रिका मी अजून जपून ठेवली आहे, कारण तिच्यापेक्षा माझ्याच कामाबद्दल ती जास्त सांगते.

आमच्याकडे सोमवारी उतारा असतो आणि गुरुवारी व्याकरण. उताऱ्याच्या तासाला मुलं काय करतात? प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधतात आणि ते वाक्य जसंच्या तसं उतरवतात. गुण मिळतात. व्याकरणाच्या तासाला 'डू ॲज डायरेक्टेड', म्हणजे सांगितल्याप्रमाणे वाक्य बदला. तिथेही गुण मिळतात. दोन्हीकडे पास होऊन मूल नोटीस बोर्डासमोर उभं राहतं आणि अडतं.

मला वाटतं हे दोन तास वेगळे ठेवणं हीच चूक आहे. वाक्य समजून घेण्यासाठी व्याकरण आणि व्याकरण दिसावं म्हणून उतारा, असं एकत्र कोणी शिकवलं आहे का? शिकवलं असेल तर वर्गात नेमकं काय केलंत ते सांगा. जे असं शिकले आहेत त्यांनीही लिहा.

अर्धविराम

वाचनखूण साठवली. फेल्युअर आणि रिझल्ट एकाच वाक्यात आल्यावर कॉलेजातलं कुठलंही पोर निकालच समजणार! त्या मुलीच्या जागी मी असते तर मीही घरी गेले असते.

जुनापेन

खाडीकाठ ताई, तुमची कळकळ पोचली. पण निदान मला मान्य नाही.

मी १९८० च्या दशकात ठाण्यात रात्रीच्या वर्गांना शिकवलं आहे. वागळे इस्टेटमधल्या कंपन्यांत दिवसभर काम करून मुलं संध्याकाळी यायची. हाताला ऑइलचा वास असायचा. त्यांना आम्ही क्रमाने व्याकरण शिकवलं. आधी साधं वाक्य, मग संयुक्त, मग मिश्र. वाक्यपृथक्करण, म्हणजे वाक्याचे भाग सुटे करणं, फळ्यावर करून घ्यायचो. उताऱ्यातून व्याकरण शिकवायचं म्हटलं की जे समोर येईल ते शिकवलं जातं. आज पॅसिव्ह, उद्या इफ-क्लॉज, परवा काहीच नाही. विटा क्रमाने लावल्याशिवाय भिंत उभी राहत नाही.

तुमच्या विद्यार्थिनीला पॅसिव्ह करता आलं पण वाक्य कळलं नाही, याचं कारण आता पृथक्करण कोणी करून घेत नाही. व्याकरणाचा तास वेगळा होता म्हणून ते घडलं नाही.

शब्दवेल्हाळ

काका, मी दोन्ही बाजूंच्या विरुद्ध. मी कुठलंच व्याकरण शिकले नाही, फक्त वाचत गेले. भरपूर आणि सोपं वाचायला द्या, व्याकरण आपोआप अंगी लागतं. भाषा कशी शिकली जाते याचे अभ्यासक स्टीफन क्रॅशन १९८० च्या दशकापासून हेच सांगत आले : समजेल असं, पण आपल्या पातळीच्या किंचित पुढचं वाचायला-ऐकायला मिळालं की भाषा येते.

मात्र सोपं म्हणजे खरोखर सोपं हवं. शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या अभ्यासातला आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. कोणाच्या मदतीशिवाय नीट समजायला उताऱ्यातले शंभरातले ९८ शब्द ओळखीचे लागतात. आपल्या पाठ्यपुस्तकातला कुठलाही उतारा घ्या आणि मोजा. दर ओळीला दोन शब्द अडतात. मग मूल वाक्याकडे बघणार की शब्दांशी झटणार?

खाडीकाठ

शब्दवेल्हाळ, मोजून पाहते. पण त्या मुलीच्या वाक्यात तर शंभरातले शंभर शब्द ओळखीचे होते. शब्द कळले तरी वाक्य निसटतं, तो भाग मला पकडायचा आहे.

जुनापेन काका, क्रमाचा मुद्दा खरा आहे. त्यावर विचार करते.

रबाळे_जनरलशिफ्ट

मी शिक्षक नाही. टीटीसी, म्हणजे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्यात सेफ्टी बघतो. पण हा विषय माझ्या रोजच्या कामाचा आहे, म्हणून लिहितो.

आमच्याकडे मशीनवर पाटी असते : 'डू नॉट रिमूव्ह द गार्ड अनलेस द मशीन हॅज बीन आयसोलेटेड.' म्हणजे मशीनचा पुरवठा तोडलेला असल्याशिवाय त्याचं संरक्षक झाकण (गार्ड) काढू नका. नवीन पोरं येतात, डिप्लोमावाली, बी.एस्सी. झालेली. मी प्रत्येकाला ती पाटी वाचायला लावतो आणि विचारतो, 'आधी काय, नंतर काय?' चुकणारे बरेच निघतात. वाक्यात गार्ड आधी आलाय म्हणून गार्ड आधी काढायचा असं सांगतात. एकाने तर 'गार्ड काढायचाच नाही' सांगितलं. 'अनलेस' त्याच्या डोळ्यांना दिसलंच नाही.

मी व्याकरण शिकवत नाही. खडूने जमिनीवर दोन चौकोन काढतो, १ आणि २. 'हॅज बीन आयसोलेटेड' म्हणजे झालेलं असलं पाहिजे, ते १ मध्ये. गार्ड २ मध्ये. मग त्या चौकोनांवर त्याला उभा करून चालायला लावतो. पुढच्या पाटीला पोरगा स्वतःच विचारतो, 'सर, ह्यात एक कुठलं?'

अर्धविराम

रबाळे, हे वर्गात नेण्यासारखं आहे. वाक्यावरून चालत जायचं!

पदच्छेद

भाषाशास्त्राच्या अभ्यासातून थोडं लिहितो. लांबेल, सांभाळून घ्या.

'द टीचर वॉज इन्व्हायटेड बाय द स्टुडंट्स.' हे वाक्य मराठी माध्यमाच्या मुलांसमोर ठेवा आणि कोणी कोणाला बोलावलं ते मराठीत विचारा. 'शिक्षकांनी मुलांना' असं उत्तर हमखास ऐकू येईल. त्यामागे कारण आहे. मराठीत 'विद्यार्थ्यांनी शिक्षकांना बोलावलं' म्हणा नाहीतर 'शिक्षकांना विद्यार्थ्यांनी बोलावलं' म्हणा, कोणी कोणाला ते बदलत नाही. खूण नामाच्या शेपटाला असते : नी, ना. आपला डोळा लहानपणापासून तिथे बघायला सरावलेला असतो. इंग्रजीत नामाच्या शेवटी तसं काही नसतंच. खूण असते 'वॉज' आणि 'बाय' या दोन बारक्या शब्दांत. घाईत वाचताना नेमके तेच गळतात. बिल व्हॅनपॅटन या अभ्यासकाने हे नीट मांडलं आहे. परकी भाषा वाचताना माणूस आधी वजनदार शब्द उचलतो आणि पहिलं नाम कर्ता धरून चालतो. स्पॅनिश शिकणारे इंग्रजीभाषकही असेच चुकतात, त्यामुळे आपल्या मुलांना नावं ठेवण्याचं कारण नाही.

आता आपली वर्गातली उदाहरणं बघा. 'द मँगो वॉज ईटन बाय रवी.' आंबा काही रवीला खाणार नाही! व्याकरणाकडे न बघताच अर्थ लागतो, मग मूल 'वॉज' आणि 'बाय'कडे बघेल कशाला? वर्षानुवर्षं आपण पॅसिव्ह अशाच वाक्यांतून शिकवलं, जिथे पॅसिव्ह कळण्याची गरजच पडत नाही. व्याकरण पाहिल्याशिवाय अर्थ लागणारच नाही अशी वाक्यं हवीत. पोलीस-मोर्चेकरी, मालक-भाडेकरू, शिक्षक-विद्यार्थी. दोघांपैकी कोणीही कर्ता असू शकतो अशा जोड्या.

पाटीपूजन

पदच्छेद, +१. यात आणखी एक खड्डा आहे, मी स्वतः त्यात पडलेलो आहे.

शाळेत आम्हाला सांगितलं होतं, ॲक्टिव्ह म्हणजे कर्तरी आणि पॅसिव्ह म्हणजे कर्मणी. मराठीच्या तासाला 'रामाने आंबा खाल्ला' हा कर्मणी प्रयोग, कारण क्रियापद आंब्यामागे जातं : आंबा खाल्ला, कैरी खाल्ली. इंग्रजीच्या तासाला तेच वाक्य 'राम एट अ मँगो', म्हणजे ॲक्टिव्ह! मी एका पेपरात ते पॅसिव्ह म्हणून लिहून आलो आणि दोन दिवस जेवण गेलं नाही. दोन्ही शिक्षक आपापल्या जागी बरोबर होते, पण एकमेकांशी बोलले नव्हते. नावं जुळवून व्याकरण शिकवलं की असं होतं. वाक्यात कोण काय करतंय एवढं विचारलं असतं तर मी चुकलो नसतो.

जुनापेन

पाटीपूजन, हा मुद्दा अगदी योग्य. कर्मणी प्रयोग आणि पॅसिव्ह यांची गल्लत मी माझ्या सहकाऱ्यांतही पाहिली आहे.

सानपाडा_लोकल

मी पाचवीपासून इंग्रजी शिकलेल्या पिढीतली. २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं तेव्हा आम्हाला वाटलं होतं, आता पुढच्या मुलांना आमच्यासारखं अडखळावं लागणार नाही. माझी भाची मराठी शाळेत पहिलीपासून इंग्रजी शिकली आणि आता वाशीत कॉलेजला आहे. उच्चार माझ्यापेक्षा शंभर पटीने चांगले. परवा बातमी वाचत होती : 'द पॅसेंजर्स इन्जर्ड इन द ॲक्सिडेंट वेअर टेकन टु अ निअरबाय हॉस्पिटल.' म्हणते, 'मावशी, प्रवाशांनी कोणाला जखमी केलं?'

मी तिला शिकवायला गेले आणि मलाच सांगता येईना. 'इन्जर्ड' हे क्रियापद असूनही इथे क्रियापद का नाही? कोणी सांगेल का सोप्या शब्दांत?

पदच्छेद

सानपाडा, मराठीत सांगून बघा : 'अपघातात जखमी झालेले प्रवासी'. आपण विशेषण नामाच्या आधी ठेवतो, इंग्रजी अशी लांब विशेषणं नामाच्या मागे ठेवतं आणि मधले 'हू वेअर' गाळून टाकतं. भाचीला एवढंच सांगा, 'वाक्य संपण्याआधी आणखी एक क्रियापद भेटतंय का बघ'. 'वेअर टेकन' भेटलं की कळतं, खरं क्रियापद हे. 'इन्जर्ड' नुसतं 'कोणते प्रवासी' ते सांगतंय.

सानपाडा_लोकल

सांगितलं. तिने पेपरातल्या तीन बातम्यांत अशी पाच वाक्यं शोधून रंगवली. आता आमचा पेपर वाचण्यालायक उरलेला नाही, पण पोरगी खूश आहे.

चौथी_सीट

अवांतर : वर्गात मराठीतून अर्थ विचारणं आमच्या काळी गुन्हा होता. 'थिंक इन इंग्लिश' म्हणायचे. इथे सगळेच मराठीत विचारा म्हणताय!

खाडीकाठ

चौथी सीट, यावर मी ठाम आहे. मूल वाक्य इंग्रजीत परत म्हणून दाखवतं तेव्हा त्याला ते कळलं की नाही हे मला समजायला मार्गच नसतो. 'फेल्युअर टु सबमिट' ती मुलगी दहा वेळा वाचून दाखवू शकली असती. 'म्हणजे कोणी काय करायचं?' असं मराठीत विचारलं असतं तर पाच सेकंदांत उघडं पडलं असतं. शब्दशः भाषांतर करून घ्यायचं नाही. फक्त कोणी, कोणाला, कधी, का.

ऐरोली_५_४२

सर्वांना नमस्कार. मी एस.वाय.बी.कॉम.ला आहे. इथे नुसतं वाचतो, आज पहिल्यांदा लिहितोय. काही चुकलं तर सांगा.

मला नियम सगळे येतात. पण नियमाच्या पुस्तकात वाक्यं एक ओळीची असतात आणि उताऱ्यात तीन ओळींची. वाक्य संपेपर्यंत मी सुरुवात विसरतो. मग परत पहिल्यापासून वाचतो. ट्रान्स हार्बरच्या लोकलने ऐरोली ते ठाणे प्रवासात एक पान वाचायचं ठरवलं होतं, ठाणे येईपर्यंत अर्धंही होत नाही. मित्र म्हणतात ॲपवर भाषांतर कर. ते केलं की अर्थ कळतो, पण दुसऱ्या दिवशी तसंच वाक्य आलं की पुन्हा ॲप लागतं.

लांब वाक्य कसं वाचायचं हे आम्हाला आजपर्यंत कोणीच शिकवलेलं नाही. हे शिकवता येतं का?

खाडीकाठ

ऐरोली, येतं. तू लिहिलंस ते फार मोलाचं आहे. एक वाक्य बघू या, तुझ्याच दारातलं :

'द सँक्च्युअरी, विच लाइज अलाँग द वेस्टर्न बँक ऑफ ठाणे क्रीक, वॉज डिक्लेअर्ड इन २०१५ अँड वॉज ॲडेड टु द लिस्ट ऑफ रामसर साइट्स इन २०२२.'

आता दोन स्वल्पविरामांच्या मधला भाग बोटाने झाक. काय उरलं? 'द सँक्च्युअरी वॉज डिक्लेअर्ड इन २०१५.' एवढं तर तुला एका दमात कळतं. पुढच्या 'अँड'नंतर पुन्हा 'वॉज ॲडेड'. कोण ॲडेड? तेच अभयारण्य, म्हणून नाव परत घेतलं नाही. आता बोट उचल. 'विच' म्हणजे आपलं 'जे'. मराठीत आपण 'जे अभयारण्य पश्चिम काठाला आहे, ते' असं जे-ते जोडीने बोलतो. इंग्रजी 'जे' सांगतं आणि 'ते' गिळतं. तो गिळलेला 'ते' मनात म्हणायचा.

ऐरोली_५_४२

मॅडम, कळलं. म्हणजे फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ ला झालं आणि २०२२ ला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आलं. मी रोज पुलावरून बघतो ते! बोटाची युक्ती आज गाडीत करून बघतो.

मिसळ_एक्स्ट्रा_तर्री

ऐरोली, गर्दीत बोट पुस्तकावर ठेवायला जागा मिळाली तर आम्हालाही सांग.

मूळ विषयाकडे : ठाण्यात मामलेदार मिसळला बसून या धाग्याचा कट्टा करू या, सगळे प्रत्यक्ष भेटू. तिखट मिसळ समोर आली की पॅसिव्ह आठवतो : 'मी खाल्ला गेलो.'

अर्धविराम

धाग्याला फाटे फुटायला लागले. तरी कट्ट्याला अनुमोदन.

पदच्छेद

फाटा फुटलाच आहे तर आपल्याकडच्या एका प्रयोगाची आठवण करून देतो. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेतल्या काही शाळांत प्रयोग केला, बंगलोर प्रोजेक्ट म्हणून तो जगभर ओळखला जातो. व्याकरणाचा अभ्यासक्रमच ठेवला नाही. मुलांना रेल्वेचं वेळापत्रक, नकाशा असलं काही द्यायचं आणि त्यावरचा प्रश्न सोडवायला लावायचा. अर्थामागे लागलेलं मूल व्याकरण आपसूक उचलतं, अशी त्यामागची धारणा.

त्याच्याही आधी, १९२० च्या दशकात, मायकेल वेस्ट बंगालमध्ये काम करत होते. इथल्या मुलाला इंग्रजीचा पहिला उपयोग वाचण्यासाठी होतो, तर वाचनच आधी शिकवा, असा त्यांचा आग्रह. पुढे १९५३ साली त्यांची सुमारे २००० शब्दांची यादी प्रसिद्ध झाली, सोपे उतारे लिहिणाऱ्यांना ती अजूनही उपयोगी पडते. एवढं सगळं आपल्या भूमीवर घडलं, तरी आपल्या वर्गात 'डू ॲज डायरेक्टेड'च राहिलं, याचं मला वाईट वाटतं.

जुनापेन

प्रभूंचा प्रयोग शाळेतल्या मुलांवर होता. त्यांच्यापुढे इंग्रजीची बरीच वर्षं शिल्लक होती. एफ.वाय.च्या मुलाकडे आपसूक उचलण्याइतका वेळ कुठला? त्याला दाखवावंच लागेल. आणि दाखवायचं तर क्रम लागेल. मी माझ्या मुद्द्यावर आहे.

खाडीकाठ

काका, तुमच्या मुद्द्याने मला तीन रात्री झोपू दिलं नाही, आणि त्याचा फायदा झाला. मी उलटं केलं. सत्रात कोणती सात-आठ वाक्यरूपं घ्यायची ते आधी ठरवलं, तुमच्या क्रमाने. मग प्रत्येकासाठी उतारा शोधला, नाही मिळाला तर स्वतः लिहिला. एका उताऱ्यात एकच गोष्ट दाखवायची, बाकी दिसली तरी हात लावायचा नाही.

पहिला उतारा मी आपल्या आगगाडीवर लिहिला. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे, एकवीस तोफांची सलामी. साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं. बारा वाक्यं, शब्द सोपे.

आधी व्याकरणाचं नावही काढलं नाही. दोनदा वाचलं, मराठीत बोललो : कोण गेलं, कुठून कुठे, कशाने ओढलं. अर्धा वर्ग रोज त्याच ठाणे स्टेशनात उतरतो, त्यामुळे मुलं पुढे सरसावून बसली होती. मग फळ्यावर एकच वाक्य लिहिलं : 'द ट्रेन वॉज पुल्ड बाय थ्री इंजिन्स.' आणि विचारलं, लिहिणाऱ्याने 'थ्री इंजिन्स पुल्ड द ट्रेन' का नाही लिहिलं? मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, 'मॅडम, गोष्ट गाडीची चालली आहे ना, मग इंजिन मध्येच कशाला आणायचं?' इतकी वर्षं मी पॅसिव्ह 'बदलायला' शिकवत आले, तो 'का' असतो हे मला माझ्या विद्यार्थ्याने सांगितलं.

शेवटची पंधरा मिनिटं उतारा पालथा घातला. जोडीजोडीने आठवेल तसा पुन्हा लिहायचा. एका जोडीने लिहिलं, 'द ट्रेन पुल्ड थ्री इंजिन्स.' वाचून दाखवताना मुलगी स्वतःच थांबली. म्हणाली, 'अय्या, गाडीने इंजिनं ओढली?' सगळा वर्ग हसला, तीही हसली आणि पेन काढून 'वॉज' आणि 'बाय' दोन्ही घातले. मी काहीच बोलले नाही. ही तीच मुलगी, नोटीस बोर्डाची.

शब्दवेल्हाळ

ताई, हे वाचून अंगावर काटा आला. माझं म्हणणं मी थोडं बदलते. भरपूर वाचन हवंच, पण असं एखादं वाक्य हातात धरून बघणंही हवं. उतारे लिहिताना शब्द तपासायला मदत लागली तर मी करीन.

रबाळे_जनरलशिफ्ट

सलाम. माझ्याकडच्या पाट्या आणि परमिटमधली वाक्यं पाठवतो, कंपनीचं नाव काढून. 'अनलेस', 'अन्टिल', 'प्रायर टु' भरपूर मिळतील.

पाटीपूजन

परीक्षेचं काय पण? पेपरात तर उतारा वेगळा आणि 'डू ॲज डायरेक्टेड' वेगळाच येणार. मुलं विचारतील, याला किती मार्क.

खाडीकाठ

विचारलंच. पेपर मी बदलू शकत नाही. अंतर्गत चाचणी माझ्या हातात आहे, तिथे बदल केला. उताऱ्याखालच्या पाच प्रश्नांपैकी दोन असे, की वाक्यातलं व्याकरण पाहिल्याशिवाय उत्तर येणारच नाही. 'अ कमिटी वॉज फॉर्म्ड. द पॅनल मेट ट्वाइस.' यात किती गट आहेत? बऱ्याच जणांनी दोन लिहिले. मग त्या 'द'वर आख्खा तास गेला. 'द' म्हणजे 'आत्ताच बोललो तीच ती', हे कळल्यावर मुलं जुने उतारे काढून प्रत्येक 'द'चं बोट कुठे जातंय ते शोधत बसली.

अडचण आहे ती उताऱ्यांची. सत्राला सात-आठ चांगले उतारे लागतात, मोठ्यांच्या जगातले, पण सोप्या भाषेतले. दर आठवड्याला मी एकटी लिहू शकत नाही.

ऐरोली_५_४२

मॅडम, गाडीत बोटाने करून बघितलं. ऐरोलीला चढलो, ठाणे येईपर्यंत पाऊण पान झालं. एक वाक्य अडलंय : 'फ्यू पॅसेंजर्स नोटिस्ड द चेंज.' थोड्या प्रवाशांच्या लक्षात आलं ना?

पदच्छेद

जवळजवळ कोणाच्याच लक्षात आलं नाही. 'अ फ्यू' असतं तर 'काही जणांच्या' झालं असतं. पुढचं वाक्य वाच, त्यात लेखक तक्रार करतोय की समाधान व्यक्त करतोय ते सांग.

ऐरोली_५_४२

तक्रार करतोय! पुढे 'अनफॉर्च्युनेटली' आहे. आता लागलं.

जुनापेन

खाडीकाठ ताई, आगगाडीचा तास मी दोनदा वाचला. क्रम ठेवलात, याचा आनंद झाला. 'का'चा प्रश्न मी रात्रीच्या वर्गात कधीच विचारला नव्हता. विचारायला हवा होता, मुलं उत्तर देऊ शकली असती.

माझ्याकडे तीस-बत्तीस वर्षांची इंग्रजी वर्तमानपत्रांची कात्रणं आहेत. वाक्यपृथक्करणासाठी जमवली होती, प्रत्येकावर पेन्सिलीने वाक्याचा प्रकार लिहिलेला आहे. दोन ट्रंका भरल्या आहेत आणि घरचे दर दिवाळीला रद्दीत काढायला सांगतात. तुमच्या उताऱ्यांना कच्चा माल म्हणून चालेल का बघा. स्टेशनजवळ आपलं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९३ चं, तिथे मी शनिवारी संध्याकाळी असतोच.

खाडीकाठ

काका, शनिवारी साडेचारला येते. येताना मोठ्या दोन पिशव्या आणते, आणि त्या मागच्या बाकावरच्या मुलालाही बरोबर आणते. ट्रंका उचलायला आणि तुम्हाला भेटायला.

मिसळ_एक्स्ट्रा_तर्री

मग कट्टा शनिवारीच. साडेसहाला मामलेदारला या सगळे, कात्रणांवर तर्री सांडणार नाही याची जबाबदारी माझी.

जुनापेन

या. मला मध्यम तिखट.